बोरदऱ्याचा कॅम्प

बोरदरा, ता. कन्नड
१ नोव्हेंबर १९८१, रविवार

सौ. दमयंतीस,

इथं ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची आमच्या घरची पद्धत. पण दीड वर्ष वेगळं राहणाऱ्या बायकोला आशीर्वाद कुठल्या तोंडानं द्यायचे? आणि तू वाचून हसशील ते वेगळंच. म्हणून गाळले.

वरचा पत्ता बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. पत्रावर शिक्का कन्नडच्या पोस्टाचाच बसणार होता, तेव्हा लपवून उपयोग नव्हता. उमाला घेऊन मी कॅम्पवर आलो आहे. ‘तिला कॅम्पवर नेऊ नका, घरात ठेवा’ असं तू परवा नांदेडच्या स्टँडवर दोनदा बजावलंस आणि मी दोनदा मान हलवली. तेव्हा खरंच माझा तसा बेत होता. पण शुक्रवारी तिला घेऊन औरंगाबादला घरी पोचलो तर दाराच्या कडीत साहेबांची चिठ्ठी. बोरदऱ्याच्या पाझर तलावाची मोजणी आठ दिवसांत पुरी करा, दिवाळीची रजा रद्द. आता सहा वर्षांची पोर पदमपुऱ्यातल्या दोन खोल्यांत कुणाच्या भरवशावर सोडू? शेजारच्या काकू लेकीकडं गेल्यात. म्हणून आणली.

आणि खरं सांगू का, ती खूष आहे. ओढ्याच्या अलीकडं एका पडीक वावरात आमच्या दोन राहुट्या आहेत. एकीत मी, उमा आणि सरकारी सामान. दुसरीत कारभारी. हा आमचा जुना खलाशी, साखळी ओढणारा आणि पट्टी धरणारा. तू त्याला ओळखतेस, आपल्या लग्नात जिलेबी वाढत होता तो. वावर ज्यांचं आहे त्या द्वारकाबाई सकाळ-संध्याकाळ भाकरी करून देतात. उमा त्यांच्या मागं मागं फिरते, शेणात पाय घालते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोच झोपते.

काल तिला डंपीतून बघायला दिलं. डंपी म्हणजे ते जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं यंत्र, ज्याच्यावर तुझा राग आहे. जुन्या डंपीत सगळं उलटं दिसतं. उमानं डोळा लावला आणि किंचाळली, “बाबा, द्वारकामावशी आभाळात चालतेय! डोक्यावर घागर नाही, घागरीवर डोकं आहे!” मग तिनं कारभाऱ्याला, बैलाला, बोरीच्या झाडाला, सगळ्यांना आभाळात लटकवलं. अर्धा तास माझं काम खोळंबलं. मी रागावलो नाही, हेही नमूद करतो.

आपलं ठरलेलं मी विसरलो नाही. ही सुट्टी ती माझ्याकडं नीट राहिली, तर जूनपासून तुझं बी.एड.चं वर्ष ती माझ्यापाशी राहील. नाही तर अनंतरावांकडं, मामाच्या घरी. म्हणजे पहिलीत उमा असली तरी परीक्षा माझी आहे. मला ती पास व्हायचं आहे, दमयंती. घरी आल्यावर कुलूप आपल्याच हातानं उघडायचा मला आता कंटाळा आला आहे.

पाऊस संपलाय, आभाळ स्वच्छ आहे. थंडीसाठी तू दिलेला स्वेटर मी तिला रोज घालतो. काळजी नसावी.

व्यंकट

औरंगाबाद
७ नोव्हेंबर, शनिवार

दमयंती,

आम्ही काल संध्याकाळी घरी परतलो. दोघंही सुखरूप आहोत. हे आधी लिहिलं, कारण पुढं पावसाचं आहे.

मंगळवारी दुपारनंतर ढग आले आणि बुधवारी पहाटेपासून जी झड लागली ती लागलीच. कारभारी म्हणाला, “सायब, दिवाळी झाल्यावर असा पाऊस म्या उभ्या जन्मात पाह्यला नाय.” डंपीला पावसाचं वावडं, त्यामुळं मोजणी बंद. मी आणि उमा दोन दिवस राहुटीत. एवढा सलग वेळ मी तिच्याबरोबर कधी काढला होता ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

पहिल्या दिवशी मजा होती. राहुटीच्या कापडाला आतून बोट लावलं की तिथून पाणी गळायला लागतं, हा शोध तिला लागला आणि तिनं सात ठिकाणी बोटं लावली. लेव्हल-बुकाच्या, म्हणजे मोजणीच्या वहीच्या, मागच्या पानावर तिनं बदक काढलं. ते सरकारी दफ्तर असतं, मी ओरडलो. मग मीच त्या बदकाला पाय काढून दिले. दुसऱ्या दिवशी मात्र गोष्टी संपल्या, शेंगा संपल्या, कपडे सगळे ओले झाले आणि आम्ही दोघंही एकमेकांना कंटाळलो. तेव्हा ती राहुटीत चारी बाजूंना बघून म्हणाली, “बाबा, आईची खाट इथं मावेल. ती पेटी बाहेर ठेवली तर.” मी म्हटलं, डंपीची पेटी बाहेर ठेवता येत नाही. तिनं मान हलवली. तिला पटलं होतं.

गुरुवारी दुपारी वरच्या शेताचा बांध फुटला आणि पाणी आमच्या वावरात उतरलं. राहुटीत थोडं पाणी आलं. मी उमाला खांद्यावर घेतलं आणि द्वारकाबाईंच्या घरी नेलं. त्यांनी तिला शेकलं, चहा पाजला. रात्री तिथंच राहिलो, शुक्रवारी बैलगाडीनं रस्त्यापर्यंत, तिथून जीपनं कन्नड आणि एस.टी.नं घर. सामान बरंचसं वाचलं. उमाचा स्वेटर मात्र वाहून गेला, त्याबद्दल तू रागावू नकोस, तिनं मुद्दाम केलं नाही.

तिला थोडी सर्दी आहे. थोडीच.

मी फार दमलो आहे. तू कधी दमल्यावर मला सांगायचीस तेव्हा मी म्हणायचो, दिवसभर घरात तर असतेस. ते आज का आठवलं कुणास ठाऊक.

व्यंकट

औरंगाबाद
११ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय दमयंती,

तुझं नऊ तारखेचं पत्र आज सकाळच्या टपालानं आलं. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग चहा थंड झाल्यावर परत वाचलं. तुझं पत्र मी असं वाचतो हे तुला खोटं वाटेल, पण वाचलं.

तू लिहिलंस, “तुम्ही तिला खांद्यावर घेऊन निघालात हे वाचल्यावर मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. रात्री परत उघडून वाचलं. मला वाटलं होतं, तुम्हाला हे जमणारच नाही. माझं चुकलं. जूनपासून राहू दे तिला तुमच्यापाशी. नाव घालायची चौकशी करून ठेवा.” आणि शेवटी, “तुम्हीही जपा.” दीड वर्षात पहिल्यांदा तू मला जपायला सांगितलंस.

मी लगेच कागद काढला. जवळच्या शाळेचं नाव, उमाची जन्मतारीख, दोन खोल्यांत तिचं टेबल कुठं बसेल, सगळं मांडून ठेवलं. हसत होतो. उमानं विचारलं, “बाबा, काय झालं?” तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. खांद्याच्या ओळीवर तिनं मला थांबवलं. म्हणाली, “पण बाबा, मला तर द्वारकामावशीनं उचललं होतं.”

तक्रार नव्हती गं तिची. मोठ्या माणसाची बेरीज चुकली की लहान मूल सांगतं, तसं सांगितलं. मग ती परत चित्र रंगवायला लागली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सर्दी थोडीच आहे हे मी दोनदा लिहिलं, ते तुझ्या नजरेतून सुटलं, हे नवलच. ताप होता तिला. रविवारी एकशे दोन. डॉक्टरांनी औषध दिलंय, कालपासून उतरलाय, आज तिनं वरण-भात मागून खाल्ला. त्याबद्दल निश्चिंत राहा. बाकीचं आता सांगतो.

मी राहुटी ठोकली तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, “इथं नका ठोकू सायब. लई पाऊस झाला का नाय, वरचा बांध फुटतो अन् पाणी इथूनच खाली जातं.” मी हसलो. त्यांना म्हटलं, “बाई, मी लेव्हल घेतलीय. उतार पलीकडं आहे.” पाणी कुठून कुठं जाईल हे सांगायचा पगार सरकार मला देतं, आणि भाकरी थापणारी बाई मला शिकवणार? शिवाय माझ्याजवळ गावाचा जुना नकाशा होता, निझामाच्या काळातला, सगळा उर्दूत. आमचे दादा अशा नकाशावर बोट ठेवून घडाघडा वाचायचे. मी पोलीस ॲक्शननंतर शाळेत गेलो, मराठी शिकलो, उर्दूचं एक अक्षर येत नाही. त्या वावरावर दोन शब्द लिहिले होते ते मी कुणाकडून वाचून घेतले नाहीत. परवा ऑफिसातल्या म्हाताऱ्या दफ्तरदारांना दाखवले. म्हणाले, “जुना नाला, और क्या.”

पण नकाशावर ढकलून मी सुटणार नाही, कारण राहुटी चुकीच्या जागी ठोकणं हा मोठा गुन्हा नव्हेच.

गुरुवारी कारभारी पीठ आणि रॉकेल आणायला गावात गेला होता. दुपारचे साडेतीन वाजले असतील. उमा खाटेवर पाय दुमडून बसली होती, मी तिला दोरीच्या गाठी शिकवत होतो. आधी वरच्या बाजूला काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. मग राहुटीच्या कडेखालून गढूळ पाणी आत शिरलं आणि बघता बघता माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं. उमा खाटेवर उभी राहिली आणि तिनं माझ्याकडं दोन्ही हात केले.

आमच्या खात्यात नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. पाऊस आला की आधी डंपी, मग वही, मग आपण. डंपी भिजली तर तिची काच धुरकट होते, सगळं माप चुकतं, धरणाची भिंत वाकडी होते, चौकशी लागते. सोळा वर्षं मी हेच केलं. साप निघाला तेव्हा, वीज पडली तेव्हा, तुझ्या टायफॉइडची तार आली तेव्हासुद्धा मी आधी डंपी पेटीत भरली होती.

मी उमाला म्हटलं, “उभी राहा, हलू नकोस, आलोच.” आणि पेटी उचलली.

वही बगलेत मारली आणि टेकाडावरच्या मारुतीच्या देवळाकडं पळालो. दोनशे पावलं असतील. पेटी ठेवली आणि तसाच परत आलो. दोन-तीन मिनिटं. परत आलो तर ओल्या मातीतून खुंट्या उपटून राहुटी आडवी झाली होती आणि खाटेवर नुसतं कापड होतं. मी ते फाडलं, दमयंती. हातानं फाडलं. खाली उमा नव्हती. मी ओढ्याच्या बाजूला पळालो, वर पळालो, तिच्या नावानं ओरडत होतो आणि पावसात माझा आवाज मलाच येत नव्हता. तिचा स्वेटर ओढ्याच्या कडेला बाभळीला अडकलेला दिसला. पुढचं मला लिहिता येत नाही.

द्वारकाबाई गोठ्यातून धावत आल्या होत्या. राहुटी कलायला लागली तेव्हाच त्यांनी तिला ओढून काढलं आणि मागच्या वाटेनं घरी नेलं. मी त्यांच्या दारात पोचलो तर उमा चुलीपुढं त्यांच्या लुगड्यात गुंडाळून बसली होती आणि हातातली भाकरी खात होती. मी तिथंच खाली बसलो. द्वारकाबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि विचारलं, “सायब, त्या पेटीत काय हाय हो?”

“मशीन आहे. सरकारी.”

“व्हय?” एवढंच म्हणून त्यांनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

तर खांदा त्यांचा होता. माझा नव्हता. हे तुला कळायला हवं होतं म्हणून लिहिलं. तरीही जूनचा विचार तू बदलू नयेस असं मला वाटतं. माणूस एकदा चुकतो. मी आता कानाला खडा लावला आहे. तिला परत कधी कॅम्पवर नेणार नाही. हवं तर ऑफिसात टेबलाचं काम मागून घेतो.

उत्तर लवकर दे.

व्यंकट

औरंगाबाद
१२ नोव्हेंबर, गुरुवार

दमयंती,

कालचं पत्र काल दुपारीच पोस्टात टाकलं. ते आणि हे एकदमच तुझ्या हातात पडतील. हे आज स्टेशनवर जाऊन गाडीच्या टपालडब्यात टाकणार आहे. दोन्ही वाच, पण याच्यावर विश्वास ठेव.

दोन-तीन मिनिटं नव्हती. दहा होती.

देवळात पेटी ठेवली तेव्हा झाकणाच्या फटीत मला पाणी दिसलं. मी पेटी उघडली. डंपी बाहेर काढली, सदऱ्याच्या आतल्या बाजूनं पुसली, काचेवर फुंकर मारून परत पुसली, डोळा लावून बघितलं की धुकं धरलं नाही ना. समोर राहुटीची दिशा होती, पण पावसात काही दिसत नव्हतं. मग ती नीट कप्प्यात बसवली, दोन्ही पट्टे आवळले, वही वर ठेवली, वहीवर दगड ठेवला. आणि मग मला पोर आठवली. ‘आठवली’ हाच शब्द खरा आहे. दुसरा शोधला, सापडला नाही.

हे मी तुला कधीच सांगणार नव्हतो. द्वारकाबाईंना माहीत नाही, कारभाऱ्याला माहीत नाही, उमाला तर नाहीच. कालच्या पत्रात मी कबुली देऊन टाकल्यासारखं केलं आणि ज्या गोष्टीची कबुली द्यायची ती बाजूला काढून ठेवली. जमेल तेवढंच खरं बोलून तुझी क्षमा मिळवायची, असा डाव होता. रात्री झोपही चांगली लागली.

आज सकाळी काय झालं ते ऐक.

आमच्याकडं नळ सात वाजता येतो. मी पिंपात नळी सोडली आणि अंगणात दाढी करत बसलो. शेजाऱ्याशी गप्पांच्या नादात पिंप भरून वाहिलं, मोरी तुंबलेली होती, पाणी उंबरठा ओलांडून खोलीत गेलं. फार नाही, तळवे बुडतील एवढं. डंपीची पेटी अजून माझ्याकडंच आहे, ऑफिसात जमा करायची राहिली आहे, ती खोलीत जमिनीवर ठेवली होती.

मी तोंडाला साबण तसाच घेऊन आत गेलो. उमा अंथरुणातून उठली होती. तिनं ती पेटी ओढत नेऊन कॉटवर चढवली होती. मला उचलताना कंबर धरते, दमयंती, एवढी ती जड आहे. परवापर्यंत तापात असलेल्या पोरीनं ती कशी चढवली देव जाणे. पेटीखाली तिनं स्वतःची उशी सरकवली होती. लेव्हल-बुक छातीशी धरलं होतं. आणि आपण खाली, त्या थंडगार पाण्यात अनवाणी उभी होती.

मी म्हटलं, “उमे, अगं वर चढ की कॉटवर.”

ती म्हणाली, “जागा नाही ना बाबा. पेटी आहे.”

पेटी दीड फूट लांब आहे. त्या कॉटवर तीन माणसं मांडी घालून बसली असती.

ती रडत नव्हती. घाबरलीही नव्हती. मी आता शाबास म्हणेन म्हणून माझ्या तोंडाकडं बघत होती. ती रुसली असती, मला बोचकारलं असतं, ‘तुम्ही मला सोडून का गेलात’ असं विचारलं असतं, तर मी तिच्या पाया पडलो असतो आणि जूनमध्ये तिचं नाव इथल्या शाळेत घातलं असतं. पण तिनं काहीच विचारलं नाही. आपला नंबर कितवा हे तिला समजलं आहे आणि त्याबद्दल तिची काही हरकत नाही. एवढ्या लहान वयात एवढं शहाणपण तिला कुणी शिकवलं, तर मी.

मी तिला उचललं. पाय पुसले. ती म्हणत होती, “बाबा, मशीन कोरडं आहे बघा, मी बघितलं.” मी म्हटलं, हो, बघितलं.

दिवसभर मी विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जूनपासून तिला अनंतरावांकडंच राहू दे. तिथं मामी आहे, दोन भावंडं आहेत, भांडणं होतील, कुणी तिची उशी ओढेल, ती ओरडून परत घेईल. तिनं ओरडायला शिकायला पाहिजे. माझ्याजवळ ती फार गुणी होईल. तूही माझ्याजवळ फार गुणी झाली होतीस. नऊ वर्षं मला वाटत होतं की तू समजूतदार आहेस. तूही कॉटपाशी पाण्यात उभी होतीस हे मला आज कळलं, आणि वरातीमागून घोडं म्हणतात तसंच हे कळणं.

तुझं नऊ तारखेचं पत्र या पाकिटात परत घालतो आहे. ते ज्यानं पोरीला खांद्यावर घेतलं त्या माणसाला लिहिलेलं आहे. ठेवून घ्यायचा फार मोह झाला. ‘तुम्हीही जपा’ ही ओळ तेवढी कापून घ्यावी असंही मनात आलं. पण नको.

तू मला काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन. फक्त उमासमोर विचारू नकोस. तिला वाटेल तिनंच माझी चुगली केली.

रविवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं तिला घेऊन निघतो. जालना, परभणी करत तीनपर्यंत नांदेडला पोचू. औषधाच्या दोन पुड्या राहिल्यात, त्या तिच्या पिशवीत वरच ठेवतो. तिला स्वेटर नवा घेतलाय, रंग तुला आवडणार नाही, तिनं निवडलाय. परत मी लगेचच्या गाडीनं फिरेन, सोमवारी डंपी जमा करायची आहे.

तू स्टँडवर ये. गाडी थांबली की मी सवयीनं आधी सामान उतरवायला लागेन. मला मी ओळखतो. तू सामानाकडं बघू नकोस, माझ्यासाठी थांबू नकोस, लोक उतरायच्या आत गर्दीतून वर चढ आणि तिला उचलून घे. ती तुला म्हणेल, आई, आधी पिशवी घे. ऐकू नकोस.

व्यंकट